होडीच्या पोटातला नंबर

मी आयुष्यात पहिल्यांदा एक आकडा लाकडात कोरून घेतला, आणि तोच चुकीचा. कागदावर चुकलं तर पांढरी शाई असते. टाइपरायटरवर मागे जाऊन वरून दुसरं अक्षर मारता येतं. लाकूड मागे जात नाही. ही गोष्ट मी घरात सांगितली आहे, पण अर्धीच. उरलेल्या अर्ध्या गोष्टीची लाज वाटते म्हणून ती गिळून बसले होते. आता गिळून गिळून कंटाळा आला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहरीनमध्ये अरादच्या बाजूला, समुद्राला लागून, होड्या दुरुस्त करायचं एक यार्ड होतं आणि त्याच्या पत्र्याच्या ऑफिसात मी कारकून होते. टाइपिंग, फोन, फॅक्स, सरकारी फॉर्म, सगळं माझ्याकडे. चहा सोडून. चहा मी करणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मी वसईच्या ख्रिस्ती कोळ्याची मुलगी, त्यामुळे मला होड्यांतलं सगळं कळतं असा मालकाचा समज होता. खरं तर बाबांच्या होडीत पाय ठेवला की मला उलटी व्हायची. पण असलं मुलाखतीत कोण सांगतं?

मालक बहरीनी. आम्ही सगळे त्याला अरबाब म्हणायचो. त्याचा बाप मोती विकायला मुंबईला जायचा, म्हणून हा हिंदी बोलायचा, पण त्याच्या हिंदीत सगळं जग बाईमाणूस होतं. ‘बोट आती है, सुतार आती है, साब जाती है.’ माणूस वाईट नव्हता, पण डोक्यात राख घालून घ्यायला त्याला वेळ लागत नसे. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या टेबलाच्या डाव्या खणात. राग आला की तो खण उघडायचा. तेवढंच पुरायचं.

आणि यार्डात सुतार होते. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, साठीला टेकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी त्यांना चाचा म्हणायचे. अख्ख्या यार्डात मराठी बोलणारे आम्ही दोघंच; बाकी सगळे मल्याळी, पंजाबी आणि एक श्रीलंकेचा वेल्डर. चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सही करायचे तीसुद्धा चित्र काढल्यासारखी, जीभ दाताखाली धरून. पण हात असा की रंधा मारलेल्या फळीवरून गाल फिरवावा. दुपारी आम्ही एकाच सावलीत जेवायचो. माझ्या डब्यात कधी आमच्याकडचं डुकराचं लोणचं असलं की मी आधीच ओरडून सांगायचे, आणि ते म्हणायचे, “डबा लांब ठेव गो बाय, वास चांगला येतोय.”

गोष्ट घडली त्याच्या आदल्या महिन्यात चाचांच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या होडीच्या डेकला भोक दोन बोटं सरकून पडलं होतं. अरबाबने खण उघडला, चाचांचा पासपोर्ट वर काढून टेबलावर आपटला आणि म्हणाला, “एक और गलती, तो खलास. घर जाती है तुम.” तेव्हापासून चाचा प्रत्येक माप तीनदा घेत. डोळे गेले असं म्हणू देणार नाही, असा हट्टच होता त्यांचा. गावी घराचं छप्पर अर्धं झालं होतं आणि आणखी दोन वर्षं तरी त्यांना इथे काढायची होती.

त्याच थंडीत एक अमेरिकन साहेब आपली शिडाची होडी घेऊन यार्डात आला. तेलाच्या कामावरचा इंजिनियर. कंत्राट संपलं होतं, रेसिडेन्सचा परवाना महिनाअखेर संपणार होता, आणि या बाबाने ठरवलं होतं की विमानाने घरी जायचं नाही, स्वतःची होडी हाकत मस्कतला आणि तिथून कोचीनला जायचं. वेडा माणूस. पण बोलायला गोड, आणि मला ‘मॅडम’ म्हणायचा.

त्याची अडचण कागदाची होती. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी मोठी अक्षरं आणि आकडे चिकटवलेले होते आणि शेजारी एक रंगीत स्टिकर. हा त्याच्या राज्याचा नंबर. अमेरिकेतल्या त्याच्या राज्याने दिलेला, तिथल्या खाडीत, तळ्यात फिरायला पुरेसा. पण मागच्या वर्षी तो सहज म्हणून शेजारच्या देशात गेला, तर बंदरावरच्या अधिकाऱ्याने तो नंबर पाहून विचारलं, “हा कुठला देश?” साहेब सांगतोय, देश नाही, राज्य आहे. अधिकारी म्हणे, मग देशाचा कागद दाखव. दोन दिवस त्याला धक्क्यावर बांधून ठेवलं.

म्हणून आता त्याने केंद्र सरकारकडे अर्ज केला होता. पाच टनांहून मोठी होडी आणि अमेरिकन मालक असेल तर केंद्र सरकार एक वेगळा कागद देतं. तो कागद सांगतो की ही होडी अमेरिकेची आहे, मग जगात कुठेही जा. पुढचे नंबर काढून टाकायचे, नाळ कोरी ठेवायची. पिछाडीला होडीचं नाव आणि तिचं बंदर रंगवायचं. आणि केंद्राने दिलेला नंबर बाहेर कुठेही नाही. तो आत, होडीच्या पोटात, मुख्य लाकडावर कोरायचा. असा कोरायचा की कोणी खोडला तर दिसलं पाहिजे.

आमच्याकडे दस्त आणि नोंदणी एकाच ऑफिसात होते, एकाच कंटाळलेल्या माणसासमोर. साहेब म्हणाला, नाही मॅडम, ‘रजिस्टर्ड’ वेगळं आणि ‘डॉक्युमेंटेड’ वेगळं. मी डोकं खाजवलं आणि म्हटलं, कळलं, एक रेशनकार्ड आणि दुसरा पासपोर्ट. त्याला रेशनकार्ड माहीत नव्हतं, पण तो एवढा खूश झाला की मीच खूश झाले. त्या खुशीतच सगळा घात झाला.

नंबर फॅक्सने आला. सोबत नियमांचं एक पान. आता फक्त नंबर कोरायचा, साहेबाने ‘कोरला’ अशी सही करून फॅक्स परत पाठवायचा, की कागद निघणार. साहेबाला दोन दिवस बाहेर काम होतं. त्याने ते पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, मॅडम, सुताराला समजावून सांगा, आणि पुढचे जुने नंबरही खरवडून काढा. मी म्हटलं, काळजीच करू नका.

मी पान वाचलं. दोनदा वाचलं, उगीच खोटं कशाला सांगू? त्यात स्पष्ट लिहिलं होतं, नंबर निदान तीन इंच उंचीच्या ‘ॲरेबिक न्यूमरल्स’मध्ये हवा. मनात म्हटलं, वा! किती विचार करतात हे लोक. होडी अरबांच्या समुद्रात, तर आकडे अरबी. आणि अरबी आकडे मला येत होते! दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, अरबाबच्या पावत्या पाहून पाहून शिकले होते, त्याचा मला कोण गर्व. अरबी पाच म्हणजे वाटोळा गोळा, आपल्या शून्यासारखा. अरबी शून्य म्हणजे नुसतं टिंब. चार म्हणजे इंग्रजी तीन उलटा फिरवलेला. मी कागद घेतला, पट्टीने तीन इंचांच्या रेघा आखल्या आणि साहेबाचा तो लांबलचक नंबर अरबीत लिहून काढला. चारचं शेपूट जरा लांब गेलं. तसंच राहू दिलं.

चाचांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. होडीकडे बघितलं. मग म्हणाले, “बाय, होडी गोऱ्याची, मग आकडं अरबी कशाला गो?”

मी टाइपिंगच्या मध्यात होते. वर तीन फोन येऊन गेले होते. मी मान वर न करता म्हटलं, “नियमात लिहिलंय म्हणून.”

“पर एकदा साहेबाला इचारलास तर?”

झालं, माझी तार सटकली. मला कोणी माझं काम तपासायला सांगितलं की असंच होतं, तेव्हाही आणि आजही. मी म्हटलं, “चाचा, इंग्रजी मी वाचलंय की तुम्ही? तुम्ही सुतार आहात, वकील नाही. दिलंय तसं कोरा.”

त्यांनी कागदाची नीट घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि गेले. मला वाटलं, बरं झालं, ब्याद टळली.

दोन दिवस त्या होडीतून पटाशीवर पडणाऱ्या हातोडीचा बारीक टक टक आवाज येत होता. जुने नंबर त्यांनीच खरवडून काढले, पुढे नुसती पांढरी नाळ उरली. गुरुवारी साहेब आला. होडीत उतरला. मी ऑफिसच्या दारात उभी होते, शाबासकी घ्यायला. आतून काहीच आवाज येईना. मग तो वर आला, आणि त्याचा चेहरा पाहून मी दारातून मागे सरकले. त्याने अरबाबला हाक मारली. मला नाही. अरबाबला.

आम्ही सगळे आत उतरलो. मी पहिल्यांदाच त्या होडीत पाय ठेवला. छपराखालच्या आडव्या तुळईवर, पितळी दिव्याच्या बाजूला, नंबर कोरलेला होता. इतकं सुंदर काम मी आजवर पाहिलेलं नाही. कडा अशा की बोट लावलं तर कापेल. आणि ते अक्षर माझं होतं. माझंच! चाचांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी माझं लिखाण चित्रासारखं जसंच्या तसं उतरवलं होतं. चारचं लांब शेपूटसुद्धा. यार्डातल्या कुणीही माझी रजिस्टरं पाहिली असती तर ओळखलं असतं. पण सगळे नंबर बघत होते, अक्षर कोण बघतं?

साहेब म्हणाला, हा माझा नंबर नाहीच. मी यावर सही करू शकत नाही. खोटी सही केली तर कागदच रद्द. आणि पुढचाही नंबर आता गेला. आता माझी होडी कोणाची आहे, मॅडम? शेवटचं वाक्य तो माझ्याकडे बघून बोलला, पण रागाने नाही. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि त्याच्या हाती धुपाटणं देणारी मी.

अरबाबने चाचांकडे वळून विचारलं, “अरबी में किसने बोली?”

मला आत्ताही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात. मी बोलायचं होतं. तोंड उघडायचं आणि ‘मी’ म्हणायचं, एवढंच. नियमाचं पान माझ्या फाइलीत होतं, कागद चाचांच्या खिशात होता. पण माझी दातखीळ बसली. माझी नोकरी गेली तर मुलीला घेऊन वसईला परतायचं आणि नवऱ्याने एकट्याने, तो कामाला होता त्या हॉटेलच्या खोलीत राहायचं, हे आमचं आधीच ठरलेलं होतं. मुलीची शाळा, घर, सगळं त्या एका ‘मी’वर टांगलेलं. चाचांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग खाली.

“गलती मेरा है, साब,” ते म्हणाले.

अरबाब होडीतून वर गेला, ऑफिसात गेला, आणि मला खण उघडल्याचा आवाज ऐकू आला. शनिवारी सकाळी चाचांचा व्हिसा कॅन्सल करायला माणूस पाठवतो, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं.

शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सेला गेले. तिकडे रविवार म्हणजे कामाचा दिवस, म्हणून आमची गर्दी शुक्रवारी. पाद्री काय बोलला ते एक अक्षर आठवत नाही. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो हॉटेलच्या लाँड्रीत होता, आठवड्याचा तेवढाच एक दिवस घरी असायचा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू गप्प बस. म्हातारा आज ना उद्या जाणारच होता. नसती उठाठेव कशाला?”

“म्हणजे मी चुकले नाही?”

“चुकलीस की नाही ते मला माहीत नाही. पण बोललीस तर आपण चुकलो.”

मी ओट्यावर भांडी अशी आपटली की खालच्या मजल्यावरून हाक आली. राग त्याचा नव्हता. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला होता, म्हणून राग.

मुलगी टेबलावर गणिताचा अभ्यास करत होती. पाचवीत असेल. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर इंग्रजीतच. भांड्यांचा आवाज थांबल्यावर मी तिच्या वहीत डोकावले. एका बाजूला रोमन आकडे, घड्याळावर असतात तसले. दुसऱ्या बाजूला साधे एक, दोन, तीन, इंग्रजीतले.

“हे काय गं?”

“रोमन न्यूमरल्स, मम्मी. वुई हॅव टु चेंज देम टु ॲरेबिक.”

“अरबी? कुठायत अरबी?”

तिने पेन्सिलीने ते साधे एक, दोन, तीन दाखवले. “दीज आर ॲरेबिक न्यूमरल्स. एव्हरीवन नोज.”

मी खुर्चीत बसले. एव्हरीवन नोज. आपण शाळेत ज्यांना इंग्रजी आकडे म्हणत होतो, त्यांना इंग्रज अरबी म्हणतात! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी, मोठी शहाणी, त्या म्हाताऱ्याला सांगून बसले होते की इंग्रजी मी वाचलंय. रागाचा, भीतीचा सगळा गाळ तळाला बसला आणि वर फक्त एकच गोष्ट उरली. उद्या सकाळी चाचांचा पासपोर्ट जाणार होता आणि तो माझ्यामुळे जाणार होता.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. म्हणाला, “जाशीलच तू. तुला काय सांगायचं.”

शनिवारी मी अरबाबच्या आधी यार्डात पोचले. तो आला, साहेबही आला. महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते आणि आता काय करायचं हे विचारायला तो आला होता. चाचा बाहेर आपली हत्यारं पुसून पेटीत भरत होते, एकेक करून, फडक्यात गुंडाळून. ते पाहिलं आणि मी टकटक न करताच आत शिरले.

नियमाचं पान टेबलावर ठेवलं. म्हटलं, “गलती मेरी है. चाचा की नहीं. मैंने लिख के दिया.” आणि सगळं सांगितलं, ॲरेबिक न्यूमरल्स आणि मुलीची वही. बोलताना टेबलाची कड धरून ठेवली होती.

अरबाबने पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग साहेबाकडे पाहिलं, आणि मग एकदम टेबलावर थाप मारली. मला वाटलं, खलास. पण तो हसत होता. इतका हसला की डोक्यावरचं काळं कडं सरकलं. “ये अरबी?” तो म्हणाला, बोटाने हवेत तो गोळा आणि टिंब काढत. “मॅडम, इसको हम अरबी नहीं बोलती! हम इसको हिंदी बोलती है! अर्काम हिंदी! तुम्हारी मुल्क से आयी!”

साहेबाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे हलत होते. म्हणजे इंग्रजांचे आकडे अरबी, अरबांचे आकडे हिंदी, आणि हिंदी माणसाने दोघांचा चुराडा केलेला. मलाही हसू आलं असतं. पण अरबाब जितक्या लवकर हसला तितक्याच लवकर थांबला.

“तो सुतार मेरे सामने झूठ बोली?” तो म्हणाला.

हे मी धरलंच नव्हतं. मी माझी चूक सांगायला आले, आणि आता चाचांवर दुसरा गुन्हा. त्याने चाचांना आत बोलावलं. चाचा उंबऱ्यात उभे राहिले, हातात फडकं तसंच.

“किसने बोली अरबी में लिखो?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “कोरा तो मैंने, साब,” ते म्हणाले. “हाथ मेरा है.”

अरबाबने खण उघडला. पासपोर्ट वर काढला.  तेवढ्यात साहेब मध्ये पडला. त्याला हिंदी फारसं कळत नव्हतं, पण पासपोर्ट कळत होता. तो म्हणाला, भांडण नंतर. आज संध्याकाळपर्यंत बरोबर नंबर कोरला गेला तर मी उद्या सही करतो, आणि इतकं चांगलं कोरीवकाम मी अमेरिकेतही पाहिलेलं नाही. चुकीच्या नंबरावर एक फळी बसवा, आणि खरा शेजारी काढा. मला हाच सुतार हवा.

अरबाबने पासपोर्ट टेबलावर ठेवला. खणात नाही, टेबलावर. “शाम तक,” तो म्हणाला. “फिर देखती है.”

दिवसभर मी त्या होडीत होते. फोन वाजत राहिले, वाजू दिले. बॅटरी धरून उभी राहिले, मळमळ होत होती तरी. या वेळी मी आकडे पट्टीने, कंपासपेटीतल्या साच्याने, इंग्रजीत काढले. साहेबाकडून दोनदा तपासून घेतले, अरबाबकडून एकदा. चाचा प्रत्येक आकड्याला पटाशी लावायच्या आधी थांबायचे आणि विचारायचे, “हा बरोबर?” मी म्हणायचे, बरोबर. मग पुढचा. “हा?” बरोबर. त्यांची पटाशी एकदाही सरकली नाही. मध्येच ते म्हणायचे, “उजेड हलतोय गो.”

दुपार कलताना, अस्राच्या नमाजाच्या सुमारास शेवटचा आकडा झाला. चुकीच्या नंबरावर त्यांनी सागवानाची पातळ फळी बसवली, चारी बाजूंनी इतकी फिट की नखही शिरू नये. साहेब आला, हातातल्या कागदाशी एकेक आकडा ताडून पाहिला, आणि तिथेच, होडीतच, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. अरबाब नंतर आला. त्याने तुळईवरून अंगठा फिरवला आणि ऑफिसात गेला. खण बंद झाल्याचा आवाज मी होडीवरून ऐकला, आणि टेबल रिकामं होतं ते डोळ्यांनी जाऊन बघून आले. मला म्हणाला, पुढची चूक झाली तर तुम्ही दोघं एकाच विमानाने जाल. मी म्हटलं, खिडकीची जागा मला.

मी धावतच चाचांकडे गेले. ते पेटीतून हत्यारं परत बाहेर काढत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, आनंदाचं आणि जरा गर्वाचंही, कारण मी सगळं सांगून टाकलं होतं आणि त्यांचा पासपोर्ट वाचला होता. म्हटलं, “चाचा, तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी खोटं का बोललात? मी गप्प बसले ते माझं चुकलं, पण तुम्ही का?”

ते खाली बसले. चष्मा काढून पुसला. मग खिशातून माझा तो घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

“खोटा नाय बोललंव, बाय,” ते म्हणाले. “मना ठाव होता चूक हाय ता.”

मला कळेना. “काय ठाऊक होतं?”

“माझी इंचपट्टी बघलीस? तिच्यावर आकडं कुठलं हायत? इंग्रजी. चाळीस वर्सां तेच वाचतंय. कित्ती गोऱ्यांच्या होड्यांच्या पोटात नंबर बघलेत मी, सगळं इंग्रजी. पयल्या ठोक्याच्या आधीच समजला होता मना.”

“मग कोरलंत का?”

त्यांनी चष्मा चढवला, तुटकी काडी दोऱ्यासकट कानामागे नीट बसवली.

“तू बोललीस ना,” ते म्हणाले. “सुतार हाव, वकील नाय. मंग मी सुताराचा काम केला.”

आवाजात राग नव्हता. त्यांनी पटाशी उचलली, धार पाहिली आणि कामाला लागले. मी हातातल्या कागदाची पुन्हा घडी घातली. म्हटलं, “चाचा, डबा आणू का?” आणि ते म्हणाले, “आण. पर आधी सांग आत काय हाय.”

होडी महिनाअखेरीस गेली. पुढची नाळ कोरी, पिछाडीला नाव आणि बंदर, आणि पोटात नंबर. चाचा पुढे तीन वर्षं यार्डात होते, घराचं छप्पर पुरं करून गेले. त्यांच्यासमोर मी पुन्हा कधी ते सुतार-वकिलाचं वाक्य बोलले नाही, पण बोलायची गरजही नव्हती. ते कोरून झालं होतं. कुठल्या तरी बंदरात, एका सागवानी फळीखाली, माझ्या हस्ताक्षरात, लांब शेपटाच्या चारसकट ते अजून आहे.